दोष तारेचा नव्हता

बेळगावात १९०५ सालापासून सार्वजनिक गणेशोत्सव साजरा होत आहे. श्रावण सरत आला की येथील मंडळांची कपाटे उघडली जातात आणि समया, सतरंज्या, पडदे यांच्याबरोबर एक धुळकट पेटीही बाहेर निघते. ती पेटी ॲम्प्लिफायरची असते. ग्रांथिक मराठीत तिला विवर्धक म्हणतात. आमचे कार्यकर्ते तिला नुसते ‘मशीन’ म्हणतात. इंदूर, बडोदे, हैदराबाद, ग्वाल्हेर, कोठेही महाराष्ट्राबाहेर चार मराठी घरे एकत्र आली की भजन, व्याख्यान, नाटक आणि हळदीकुंकू यांच्यामागोमाग हे मशीन येतेच. ते चालू असेपर्यंत त्याची कोणी चौकशी करीत नाही. बंद पडले की मात्र दोषी कोण हे ठरवण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. अशाच एका घाईच्या निवाड्याची ही हकिगत असून त्या निवाड्यात आमचाही हात होता, हे आरंभीच सांगितलेले बरे.

एक व्याख्यानमाला

काही वर्षांपूर्वी आम्ही शहरातील एका मंडळाचे कार्यवाह होतो. मंडळाचे सभागृह जुने आणि लांबट आहे. मशीन मागच्या खोलीत आणि ध्वनिक्षेपकांच्या पेट्या रंगमंचाजवळ, अशी मूळची मांडणी होती. दोहोंमध्ये तीस मीटर वायर होती. प्रारंभी पेट्या दोन होत्या. पुढे एका दात्याने वडिलांच्या स्मरणार्थ आणखी दोन दिल्या आणि आम्ही त्या हौसेने जोडून टाकल्या. तरीही मागच्या रांगांतील वृद्ध मंडळींची तक्रार कायम राहिली. वक्त्याचे ओठ हलतात, शब्द पोहोचत नाहीत, असे ते म्हणत. आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवले, तरी फरक पडेना.

वायरिंगचे काम करणारा एक तरुण आमच्याकडे येत असे. त्याने वायर तपासली आणि ती फार बारीक असल्याचे सांगितले. आमच्या अनुमतीने त्याने ती काढून अडीच चौरस मिलिमीटरची उत्तम तांब्याची वायर घातली. व्याख्यानमालेच्या पहिल्या दिवशी आवाज असा खणखणीत आला की मागच्या रांगेतून टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी एक निवृत्त शिक्षक बोलावयास उभे राहिले. प्रास्ताविक संपते न संपते तोच मशीनमधून जळका वास आला आणि सभागृह मुके झाले. गुरुजींनी घसा ताणून पंधरा मिनिटे भाषण रेटले आणि मग हात जोडून ते खाली बसले.

त्याच रात्री कार्यकारिणी भरली. इतकी वर्षे चाललेले मशीन नवी वायर घालताच जळाले, मग दोष आणखी कोणाचा असणार? त्या तरुणाची मजुरी रोखण्याचा ठराव झाला. ठरावाचे टिपण आम्हीच लिहिले.

उद्यमबागेतील दुकान

दुरुस्तीसाठी मशीन उद्यमबागेत न्यावे असे ठरले. टिळकवाडीच्या तिसऱ्या रेल्वे फाटकाकडून खानापूर रस्त्याने निघाले की ही वसाहत लागते. ओतशाळा, यंत्रभाग कातणारी दुकाने आणि हायड्रॉलिक सामान करणारे कारखाने येथे दाटीवाटीने उभे आहेत. गोगटे तंत्रशिक्षण संस्थाही १९७९ पासून येथेच आहे. आम्ही गेलो ते दुकान जळालेल्या मोटारींचे वाइंडिंग पुन्हा करून देणारे होते. दुकानाचे वृद्ध चालक हौसेने ॲम्प्लिफायरही दुरुस्त करीत. त्यांनी झाकण उघडले, काळवंडलेले ट्रान्झिस्टर पाहिले आणि मशीनची नव्हे, तर पेट्यांची चौकशी आरंभिली. पेट्या किती? कशा जोडल्या आहेत? आधीची वायर कोणती होती? आम्ही उत्तरे दिली तेव्हा ते हसले.

“मास्तर, त्या पोराला का बोल लावता ओ? वायर चांगलीच घातलीय की त्यानं. तुमची ती जुनी बारीक वायरच आजवर ह्या मशीनला वाचवत होती, बघा.”

हे ऐकून आम्ही गोंधळलो. चांगल्या वायरीने जळावे आणि वाईट वायरीने वाचावे, हा कोठला न्याय? त्यांनी पाटीवर खडूने हिशेब मांडून दाखविला. तोच येथे देतो, कारण तो समजण्यास शालेय गणितापलीकडे काही लागत नाही.

पाटीवरचा हिशेब

आमची जुनी वायर बाजारात ‘चौदा-शहात्तर’ या नावाने मिळते ती होती. तीत चौदा तंतू असतात आणि प्रत्येक तंतूची जाडी इंचाचे ७६ दशसहस्रांश असते. तांब्याचा एकूण छेद चार दशांश चौरस मिलिमीटरच्या आसपास भरतो. वायर तीस मीटर असली तरी वीज जाऊन परत येते, म्हणून लांबी साठ मीटर धरावी लागते. एवढ्या तारेचा रोध अडीच ओहम होतो.

पेट्या प्रत्येकी आठ ओहमच्या होत्या. दोन पेट्या समांतर जोडल्या की चार ओहम होतात आणि चार जोडल्या की दोन. मशीनवर मात्र स्पष्ट छापले होते की चार ओहमपेक्षा कमी भार जोडू नये. चार ओहमच्या भाराला ते शंभर वॅट देई, म्हणजे वीस व्होल्टवर पाच अँपिअर. चार पेट्या जोडून आम्ही ही मर्यादा केव्हाच ओलांडली होती. परंतु वायरीचे अडीच आणि पेट्यांचे दोन मिळून मशीनला साडेचार ओहम दिसत होते, म्हणून ते तग धरून राहिले. त्याने दिलेल्या सुमारे नव्वद वॅटपैकी जवळजवळ पन्नास वॅट वायर तापवण्यात जात आणि पेट्यांना चाळीसच मिळत. वृद्ध मंडळींची तक्रार खरी होती.

नव्या जाड वायरीचा रोध केवळ चार दशांश ओहम होता. ती घालताच मशीनला एकूण दोन ओहम आणि चार दशांश एवढाच भार दिसू लागला. पाच अँपिअर देणाऱ्याकडून आठाहून अधिक अँपिअरची मागणी होऊ लागली. पहिला दिवस त्याने कसाबसा काढला, दुसऱ्या दिवशी प्राण सोडले. तरुणाने केलेला बदल योग्यच होता. आमची जुनी चूक त्याने उघडी पाडली, इतकेच.

आठ ओहम म्हणजे नेमके किती?

येथे सुजाण वाचक विचारतील की हा तर साध्या रोधाचा हिशेब झाला. ट्रान्झिस्टर इतक्या लवकर का जळावेत? याचे उत्तर ध्वनिक्षेपकाच्या स्वभावात आहे. पेटीवर ‘आठ ओहम’ लिहिलेले असले तरी तो आकडा एखाद्या गावाचे सरासरी पर्जन्यमान सांगावे तसा असतो. आठ ओहमच्या पेटीचा संरोध काही सुरांना सहा-साडेसहा ओहमपर्यंत उतरतो आणि एका खालच्या सुरापाशी तीस-चाळीस ओहमपर्यंत चढतो. संरोध म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या विजेला होणारा एकूण अडथळा. त्यासाठीचा इंग्रजी शब्द ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८६ साली रूढ केला.

ध्वनिक्षेपक ही मुळात एक मोटारच आहे. चुंबकाच्या फटीत तारेची गुंडाळी आणि तिला चिकटवलेला कागदी शंकू, अशी तिची रचना असते. १९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीत महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याच्या पुढच्याच वर्षी अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघा अभियंत्यांनी आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. आजही घरोघरी असलेल्या ध्वनिक्षेपकाची घडण मूलतः त्यातलीच आहे. शंकूला वजन असते आणि त्याला मध्यावर धरणारी पन्हाळी चकती स्प्रिंगसारखी वागते. वजन आणि स्प्रिंग एकत्र आले की झोपाळ्यासारखी एक स्वाभाविक गती ठरते. त्या गतीच्या सुराला शंकू जोराने हलतो, हलता हलता स्वतःच जनित्रासारखी उलट वीज निर्माण करतो आणि येणाऱ्या विजेला अडवतो. म्हणून तेथे संरोध चढतो. उंच सुरांकडे गेले की गुंडाळीचे प्रवर्तन आड येते. अर्धा मिलिहेन्रीची गुंडाळी शंभर हर्ट्झला नगण्य, म्हणजे ओहमचे तीन दशांश एवढाच अडथळा करते. दहा हजार हर्ट्झला तीच एकतीस ओहमचा अडथळा करते.

कारखान्यातला पॉवर फॅक्टर

हे सांगताना वृद्ध कारागिरांनी समोरच्या कारखान्याकडे बोट दाखविले. तेथे भिंतीवर कपॅसिटरांची पेटी होती. मोटार चालते तेव्हा विजेचा प्रवाह दाबाच्या मागे रेंगाळतो. काही ऊर्जा मोटारीच्या चुंबकीय क्षेत्रात जाते आणि लगोलग परत येते. तिच्याने काम होत नाही, तारांवर आणि जनित्रावर ओझे मात्र पडते. यालाच कारखानदार ‘पॉवर फॅक्टर कमी झाला’ असे म्हणतात आणि तो फार घसरला तर दंडही भरतात. कपॅसिटरचा स्वभाव मोटारीच्या उलट असतो. तो ही येजा आपल्या अंगावर घेतो, म्हणून तो बसवावा लागतो.

ॲम्प्लिफायरच्या बाबतीत हा दंड ट्रान्झिस्टरच भरतो. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा नळ. त्याच्यावर उरलेला दाब आणि त्यातून जाणारा प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे त्यात निर्माण होणारी उष्णता. भार शुद्ध रोधाचा असेल तर प्रवाह सर्वाधिक असतो त्या क्षणी दाब भाराकडे गेलेला असतो, ट्रान्झिस्टरवर थोडाच उरतो. प्रवाह आणि दाब यांची सांगड सुटली, की प्रवाह भरात असताना जवळजवळ सगळा दाब ट्रान्झिस्टरच्याच अंगावर येऊ शकतो. नेहमीच्या बांधणीच्या शंभर वॅटच्या ॲम्प्लिफायरमध्ये शुद्ध रोधाचा भार असता ट्रान्झिस्टरांत अधिकात अधिक चाळीसेक वॅट उष्णता होते. भार संपूर्णपणे ऊर्जा परत करणारा असेल तर तीच सव्वाशे वॅटच्या पुढे जाते, कारण भार काहीच खात नाही. आत घेतलेली सारी वीज आतच जिरवावी लागते. प्रत्यक्षातील ध्वनिक्षेपक या दोन टोकांच्या मध्ये असतो. पण नियमापेक्षा अधिक प्रवाह आणि त्यावर ही विस्कटलेली सांगड असे दोन्ही एकत्र आले, तर ट्रान्झिस्टरच्या गाभ्यात एखादाच बिंदू तापून क्षणार्धात तो निकामी होतो. जुन्या वायरीचा रोध प्रवाहाला आवर घालीत होता आणि ही सांगडही काहीशी जमवून घेत होता.

जुन्या कार्यकर्त्यांना व्हॉल्व्हची मशीने आठवत असतील. त्यांची रीत याच्या उलट होती. त्यांच्या शेवटी ट्रान्सफॉर्मर असे आणि ध्वनिक्षेपकाची वायर सुटली की ट्रान्सफॉर्मरमध्ये साठलेल्या ऊर्जेला वाट न मिळाल्याने दाब उसळून नुकसान होई. व्हॉल्व्हला वायर सुटलेली चालत नसे; ट्रान्झिस्टरला वायर चिकटलेली चालत नाही. वडिलांचा अनुभव मुलाला कामी येत नाही, असे प्रसंग या क्षेत्रात असे घडतात.

न ऐकू येणारा सूर

वायरीला रोधाबरोबर आणखीही दोन गुण असतात. तिचे थोडे प्रवर्तन असते आणि दोन तारा शेजारी असल्याने ती लहानसा कपॅसिटरही असते. सभागृहातल्या वायरीत भाषणाच्या दृष्टीने या दोहोंना फारसे महत्त्व नाही. परंतु ॲम्प्लिफायरला स्वतःलाच एक खोड असते. २ ऑगस्ट १९२७ रोजी हॅरोल्ड ब्लॅक या अमेरिकन अभियंत्याला हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीवर एक युक्ती सुचली. बाहेर पडलेल्या ध्वनिसंकेताचा थोडा अंश उलटा करून पुन्हा आत द्यावयाचा, म्हणजे चुका आपोआप दुरुस्त होतात. आज जवळपास प्रत्येक ॲम्प्लिफायर याच तत्त्वावर चालतो.

यात एक धोका आहे. ओतशाळेत क्रेन चालविणाऱ्याला खालचा माणूस हाताने इशारे करतो. इशारा वेळेवर मिळाला तर भांडे अलगद उतरते. उशिरा मिळाला तर दुरुस्तीच उलट दिशेने होते आणि भांडे हेलकावे खाऊ लागते. वायरीतील कपॅसिटरचा गुण वाढला तर ॲम्प्लिफायरला मिळणारा इशाराही असाच उशिरा पोहोचतो आणि तो लक्षावधी हर्ट्झच्या आसपास स्वतःशीच गाऊ लागतो. ते गाणे मनुष्याच्या कानाला ऐकू येत नाही. मशीन विनाकारण तापते एवढेच कळते. परदेशांत बारीक तंतू विणून केलेल्या काही महागड्या वायरींनी असे ॲम्प्लिफायर तापल्याची आणि जळाल्याची उदाहरणे १९७० नंतरच्या दशकात गाजली होती.

यावर उपाय म्हणून चांगल्या मशीनच्या निर्गमापाशी दोन बारीक वस्तू असतात. एक, तारेचे काही वेढे असलेली लहान गुंडाळी. ती वायरीच्या कपॅसिटरला ॲम्प्लिफायरपासून दूर ठेवते. दुसरी, दहा ओहमच्या आसपासचा रोध आणि त्याला जोडलेला लहान कपॅसिटर. ही जोडी उंच कंप्रतांना ध्वनिक्षेपकाचे प्रवर्तन झाकून साध्या रोधासारखा भार पुरविते. अमेरिकेत या जोडीला टेलिफोनच्या क्षेत्रातील अभियंता ओटो झोबेल याचे नाव देतात. युरोपात ती पॉल बुशरो (१८६९–१९४३) या फ्रेंच अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. हे बुशरो मूळचे मोटारी आणि पॉवर फॅक्टर यांचे अभ्यासक. उद्यमबागेतील भिंतीवरची कपॅसिटरपेटी आणि ॲम्प्लिफायरच्या पोटातला चिमुकला कपॅसिटर एकाच घराण्यातले आहेत, हे त्या दुकानात बसून आम्हास प्रथमच उमगले.

उपाय कोणता केला

नवे, दुप्पट ताकदीचे मशीन घ्यावे असा आग्रह मंडळात होता आणि वर्गणीची पावतीपुस्तकेही छापून तयार होती. वृद्ध कारागिरांनी तो बेत मोडीत काढला. त्यांनी ट्रान्झिस्टर बदलून दिले आणि जोडणी बदलावयास सांगितली. चार एकसारख्या पेट्यांपैकी दोन दोन एकापुढे एक जोडाव्यात, म्हणजे प्रत्येक जोडीचे सोळा ओहम होतात. मग त्या दोन जोड्या समांतर जोडाव्यात, म्हणजे पुन्हा आठ. तरुणाने घातलेली जाड वायर तशीच ठेवावी. आता मशीन नव्वदऐवजी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच वॅट देते, पण त्यातले पंचेचाळीस वॅट पेट्यांपर्यंत पोहोचतात. पूर्वी चाळीस पोहोचत होते. निम्म्या श्रमात अधिक आवाज मिळाला आणि मशीन कोमटही होत नाही. शिवाय बारीक वायरीमुळे काही सूर दबून एक खालचा सूर घुमत असे, तो दोषही गेला.

वाचकांच्या मंडळांना उपयोगी पडतील अशा आणखी दोन गोष्टी येथे नोंदवितो. मैदानात किंवा मिरवणुकीत वायर शंभर-दोनशे मीटर ओढावयाची असेल तर आठ ओहमची जोडणी करूच नये. अशा वेळी मशीनच्या शंभर व्होल्टच्या निर्गमावरून वायर न्यावी आणि प्रत्येक कर्ण्यापाशी ट्रान्सफॉर्मर असावा. १९०२ साली शिवनसमुद्रम येथील वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत सुमारे दीडशे किलोमीटर नेली, ती याच न्यायाने दाब वाढवून नेली होती. शंभर वॅटला शंभर व्होल्टवर एकच अँपिअर पुरतो. मग आमच्या जुन्या बारीक वायरीतही पाच टक्क्यांच्या आसपासच घट आली असती. मात्र सर्व कर्ण्यांच्या वॅटची बेरीज मशीनच्या वॅटपेक्षा अधिक होऊ देऊ नये, आणि ढोल-मृदंगाचे फार खालचे सूर या वायरीवर सोडू नयेत. खालच्या सुरांना ट्रान्सफॉर्मरचा गाभा चुंबकत्वाने भरून जातो आणि मशीनला तो जवळपास चिकटलेल्या वायरीसारखा भासतो.

दुसरी गोष्ट, आजकालची हलकी ‘क्लास डी’ मशीने थंड चालतात, म्हणून त्यांना काहीही चालते असा समज आहे. तो खरा नाही. त्यांच्या निर्गमापाशीही गुंडाळी आणि कपॅसिटर असतात आणि तेही विशिष्ट ओहमच्या भारासाठी नेमलेले असतात. पेटीवर छापलेला किमान ओहमचा आकडा त्यांनाही तितकाच लागू आहे.

ठरावाचे काय झाले

पुढच्या बैठकीत आम्ही तो हिशेब फळ्यावर मांडला. आधी कोणी बोलेना. मग दात्यांच्या पेट्या विचारल्याशिवाय जोडल्या कोणी, असा प्रश्न निघाला आणि सर्वांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही चूक मान्य केली. ठराव रद्द झाला आणि आम्ही स्वतः त्या तरुणाच्या घरी मजुरी घेऊन गेलो. त्याच्या आईने चहा ठेवला. त्याने पैसे मोजून घेतले आणि मशीन आता कसे चालते ते विचारले. त्याचीच वायर कायम ठेवली आहे, असे आम्ही सांगितले. तो “बरं झालं” एवढेच म्हणाला. पुढल्या वर्षी बोलावणे धाडले तेव्हा मात्र तो आला नाही. दुसरीकडे काम असल्याचा निरोप आला. काम खरोखरच असेल. आम्ही पुन्हा विचारले नाही.

त्या निवृत्त गुरुजींना आम्ही पुढच्या व्याख्यानमालेत पुन्हा बोलावले. ते आले, तासभर बोलले आणि मागच्या रांगेपर्यंत अक्षर अन् अक्षर पोहोचले. मशीनच्या झाकणावर आता एक कागद चिकटवला आहे. त्यावर किमान ओहम किती, पेट्या किती व कशा जोडल्या आहेत आणि वायर कोणत्या मापाची आहे, एवढेच लिहिले आहे. आपापल्या मंडळातील पेटी येत्या उत्सवात बाहेर निघेल तेव्हा वाचकांनी असा एक कागद अवश्य चिकटवावा, आणि काही बिघडलेच, तर ठराव लिहिण्यापूर्वी तो कागद वाचावा, अशी आमची विनंती आहे.